जिला आधी कळते

'व्हर्टिगो' हा चित्रपट साधारण दोन-तृतीयांश उलटून गेल्यावर एक स्त्री हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. दार लावून घेते, वळते, क्षणभर जणू आपल्याकडेच पाहते, आणि मग टेबलाशी बसून पत्र लिहू लागते. तोवर आपण जे पाहिले ते जवळजवळ सारे एका पुरुषाच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याने जिचा सॅन फ्रान्सिस्कोभर पाठलाग केला, जिच्यावर तो भाळला, जी चर्चच्या मनोऱ्यावरून पडून मेली असे त्याला वाटले, ती मॅडेलिन म्हणून त्याच्यासमोर कधी आलीच नव्हती. आली होती ती ही ज्यूडी, पैसे घेऊन ते सोंग वठवणारी. हे सारे ती पत्रात लिहिते आणि मग ते पत्र फाडून टाकते. नायक स्कॉटी याला त्यातले काही कळत नाही. आपल्याला मात्र कळते.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा येथे रसभंग झाला असेल तर त्यास इलाज नाही. खुद्द आल्फ्रेड हिचकॉक यांनीही तो आपणहून केला आहे, आणि आमचा सारा मुद्दा त्यावरच उभा आहे.

आम्ही दोघी एका निमशहरी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या वर्गाला आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची अभ्यासपत्रिका आम्ही वाटून घेतली आहे, आणि शनिवारी दुपारी विद्यार्थ्यांसाठी एक लहानसे चित्रपट मंडळ चालवतो. आमच्यापैकी एकीने पूर्वी पुण्याला चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केला होता, तेवढीच काय ती आमची अधिकृत पात्रता. मराठीच्या प्राध्यापिकांनी अमेरिकन रहस्यपट कशासाठी दाखवावेत, असे आम्हांला अधूनमधून विचारले जाते. निवेदक कोण, त्याला किती ठाऊक आहे, तो वाचकाला किती सांगतो आणि कधी सांगतो, हे प्रश्न कथनमीमांसेच्या तासाला फळ्यावर लिहून जितके कळतात त्याहून 'व्हर्टिगो'मधल्या त्या पत्रापाशी लवकर कळतात, हे आमचे उत्तर. पण गेल्या काही वर्षांत त्या पत्राने आम्हांला कथनमीमांसेच्या पलीकडे नेले.

एक खुलासा आधीच करतो. चित्रपटविषयक मराठी लेखनात दिग्दर्शक हे 'ते' असतात आणि नटी ही 'ती' असते. या लेखात आम्ही नटीला 'त्या' म्हणतो आणि तिने वठवलेल्या पात्राला 'ती'. दोघींमधले अंतर आपले व्याकरण असे राखून देऊ शकते, ही सोय आम्हांला या विषयापुरती फार मोलाची वाटते. हिचकॉक यांना ते अंतर नेहमी राखता आले नाही.

उत्कंठा आणि धक्का यांतला फरक हिचकॉक यांनी अनेकदा समजावून सांगितला आहे. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांनी घेतलेली त्यांची दीर्घ मुलाखत १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत टेबलाखालच्या बॉम्बचा प्रसिद्ध दाखला आहे. माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधी पाहिला असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणजे उत्कंठेसाठी आधी कुणाला तरी कळलेले असावे लागते. 'व्हर्टिगो' ज्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेला आहे, ती बोआलो आणि नार्सजाक या लेखकद्वयाची १९५४ सालची. तीत हे रहस्य शेवटी उलगडते. हिचकॉक यांनी ते कथेच्या मधोमध आणून ठेवले. कारण तंत्राचे होते: पुढचा सारा भाग धक्क्याची वाट पाहण्यात न जाता उत्कंठेत जावा. पण या तांत्रिक निर्णयाचा एक परिणाम असा झाला की पुढील सारा वेळ प्रेक्षकाला नायकाच्या शेजारून उठून नायिकेच्या शेजारी जाऊन बसावे लागते.

तिथे बसून काय दिसते ते पाहा. स्कॉटी ज्यूडीला कपड्यांच्या दुकानात नेतो. त्याला एकच करडा सूट हवा आहे, मेलेल्या बाईच्या अंगावर होता तसा. एकामागून एक सूट दाखवले जातात आणि तो ते नाकारतो. दुकानातली बाई कौतुकाने म्हणते की या गृहस्थांना काय हवे ते नेमके ठाऊक आहे. ज्यूडी कोपऱ्यात जाऊन उभी राहते. नंतर बूट, नंतर केसांचा रंग, आणि सगळे झाल्यावरही अंबाडा तसा बांधलेला नाही म्हणून पुन्हा एकदा आत जाणे. ती हे सारे मान्य करते, कारण तिला त्याचे प्रेम हवे आहे आणि ते या वाटेनेच मिळेल असे तिला दिसते. आणि तिला हेही दिसते की या वाटेच्या टोकाला तिची चोरी उघडी पडणार आहे. रहस्य राखून ठेवले असते, तर याच दृश्यांत आपण एका विरहवेड्या माणसाकडे कणवेने पाहिले असते. ठाऊक असल्यामुळे आपण पाहतो ते एका स्त्रीला तिच्या देखत पुसून टाकले जाताना.

गंमत अशी की, याच दृश्यांविषयी त्रुफो यांच्याशी बोलताना हिचकॉक फक्त स्कॉटीविषयी बोलतात. मृत स्त्रीशी शय्या करू पाहणारा पुरुष, असे ते त्याचे वर्णन करतात. दुकानात तिच्या अंगावर कपडे चढवणे हे त्यांच्या लेखी तिचे कपडे उतरवण्यासारखेच आहे. ही मुलाखत आम्ही वर्गात वाचून दाखवतो तेव्हा मुले हसतात आणि मुली हसत नाहीत. (हे सामान्यीकरण आहे, एकदोन मुलेही हसत नाहीत.) मुलाखतीतल्या माणसाला ज्यूडी दिसत नाही, पण त्याच्या चित्रपटाला दिसते.

लॉरा मल्व्ही यांचा १९७५ सालचा 'स्क्रीन'मधला निबंध आता आपल्याकडेही स्त्रीवादी समीक्षेच्या अभ्यासक्रमात असतो. मुख्य प्रवाहातला चित्रपट पुरुषी नजरेभोवती रचलेला असतो, पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी त्याची वाटणी असते, हे त्यांनी ज्या चित्रपटांच्या आधारे दाखवले त्यांत 'रिअर विंडो', 'व्हर्टिगो' आणि 'मार्नी' हे तिन्ही हिचकॉक यांचे आहेत. हा निबंध नसता तर आम्हांला या विषयावर बोलायला भाषाच मिळाली नसती. तरीही एका ठिकाणी आम्ही त्यांच्याबरोबर चालत नाही. 'व्हर्टिगो'चे सारे कथन स्कॉटीला काय दिसते आणि काय दिसत नाही याभोवती विणले आहे, असे सांगताना ज्यूडीच्या बाजूने येणाऱ्या त्या एकमेव पूर्वदृश्याचा त्या अपवाद म्हणून जाता जाता उल्लेख करतात आणि पुढे जातात. तो अपवाद आल्यानंतर आधीचा चित्रपट पूर्वीसारखा उरत नाही, असे आमचे म्हणणे आहे. तानिया मोडलेस्की यांनी १९८८ मधील आपल्या पुस्तकात हिचकॉक यांच्याकडे ना निव्वळ स्त्रीद्वेष्टा म्हणून पाहिले, ना स्त्रियांचा कैवारी म्हणून. त्यांच्या चित्रपटांतली स्त्रीविषयीची दुविधा हाच विषय मानला. आमचा कल त्या बाजूचा आहे.

पण पत्र लिहिणारी ती स्त्री पडद्यावर उभी करणाऱ्या किम नोव्हाक यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. ही भूमिका खरे तर व्हेरा माइल्स यांच्यासाठी होती; त्यांना दिवस गेल्यामुळे ती नोव्हाक यांच्याकडे आली. नोव्हाक यांचे मूळ नाव मेरिलिन. कोलंबिया कंपनीने ते बदलले. आडनावही बदलू पाहत होते, पण त्यावर त्या अडून बसल्या. कंपनीचे प्रमुख हॅरी कोन यांनी त्यांचे वजन, केस, राहणी यांवर कसे नियंत्रण ठेवले ते त्यांनी स्वतः पुष्कळदा सांगितले आहे. वेशभूषाकार एडिथ हेड यांच्याकडे त्यांनी करडा सूट आणि काळे बूट यांविषयी तक्रार केली. हिचकॉक यांनी दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. मग नोव्हाक यांनी काय केले, तर त्या न शोभणाऱ्या, आवळणाऱ्या कपड्यांतली अस्वस्थताच मॅडेलिनच्या चालण्यात घेतली. ही बाई दुसऱ्याच्या कपड्यांत वावरते आहे, हे त्यांना त्यातून सापडले. मॅडेलिनचे ते ताठ, झोपेत असल्यासारखे चालणे आणि ज्यूडीचे सैल, रस्त्यावरचे चालणे एकापाठोपाठ पाहिले म्हणजे कळते की दिग्दर्शकाला जे हट्टाने मिळाले असे वाटत होते, त्यातले निम्मे त्या नटीने विचार करून दिलेले होते. दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणे घडवले जाणे म्हणजे काय, हे त्या संचात नोव्हाक यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

हिचकॉक म्हटले की सोनेरी केसांच्या, थंड, सुसंस्कृत नायिकांचा विषय निघतोच. त्यावर इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालीत नाही. केसांच्या रंगापेक्षा आम्हांला त्या नायिकांची कथेतली जागा महत्त्वाची वाटते. कुठल्यातरी क्षणी त्यांना ते कळलेले असते जे शेजारच्या पुरुषाला कळलेले नसते, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायला तो पुरुष तयार नसतो. 'नटोरियस' (१९४६) मध्ये इन्ग्रिड बर्गमन यांची अॅलिशिया हेरगिरीसाठी एका नाझी गटाच्या माणसाशी लग्न करते. तिला कॉफीतून हळूहळू विष दिले जात असते. ती बाकावर डेव्हलिनला भेटते तेव्हा तिचा चेहरा ओढलेला असतो. ती पुन्हा दारू पिऊ लागली असे त्याला वाटते आणि ती त्याला तसे वाटू देते. तिच्या आयुष्याविषयी त्याचे मत आधीच बनलेले आहे, तेव्हा समोरचा आजार त्याला दिसत नाही. 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये ग्रेस केली यांची लिसा आधी थट्टेचा विषय असते. पण बाई प्रवासाला जाताना आपली आवडती हँडबॅग आणि दागिने मागे टाकून जात नाही, हा पुराव्याचा मुद्दा तिचाच. पाय प्लास्टरमध्ये असलेला नायक दुर्बिणीतून पाहत बसतो. समोरच्या खुन्याच्या घरात खिडकीतून चढून जाते ती लिसा. सापडलेली लग्नाची अंगठी तिने बोटात घातली आहे आणि पाठीमागे धरलेल्या हाताने ती नायकाला खूण करते आहे, हे दृश्य पाहताना आमच्या मंडळात नेहमी कुणीतरी खुर्ची पुढे ओढते.

'सायको' (१९६०) आमच्या या मांडणीत बसत नाही, हे नमूद केलेच पाहिजे. जॅनेट ली यांच्या मॅरियनला काहीच कळत नाही. ती चोरलेले पैसे परत करायचे ठरवून न्हाणीघरात जाते आणि अर्धा चित्रपट शिल्लक असताना मरते. ते पाऊण मिनिटाचे दृश्य चित्रित करायला सात दिवस लागले, आणि त्याच्या संकलनावर आजवर ग्रंथ लिहिले गेले. आम्हांला त्या ग्रंथांचा थोडा कंटाळा आहे. नंतर बहिणीच्या शोधात त्या घराच्या तळघरापर्यंत जाणारी लायला, जी व्हेरा माइल्स यांनी केली, तिच्याविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही.

आता पडद्यामागे. हिचकॉक यांच्या चरित्रांत किश्शांचा सुकाळ आहे. 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९३५) च्या वेळी मॅडेलिन कॅरोल आणि रॉबर्ट डोनट यांना हातकड्यांत अडकवून किल्ली हरवल्याचा त्यांनी बहाणा केला असे सांगतात. 'रिबेका' (१९४०) च्या वेळी नवख्या जोन फॉन्टेन यांना त्यांनी सांगितले की संचातल्या कुणालाच तुम्ही आवडत नाही. त्या बिचकलेल्या राहाव्यात, म्हणजे भूमिकेला बरे. हे फॉन्टेन यांनी स्वतः सांगितले आहे. पुढल्याच वर्षी 'सस्पिशन'साठी त्यांना ऑस्कर मिळाले. हिचकॉक यांच्या चित्रपटातील अभिनयाला मिळालेले ते एकमेव. या गोष्टी चित्ररसिकांच्या बैठकीत हशा पिकवत सांगितल्या जातात, आणि सांगणारा शेवटी म्हणतो, पण काम कसे काढून घेतले पाहा! हे 'काढून घेणे' आम्हांला खटकते. गायीचे दूध काढावे तशी ही भाषा आहे. नटीला अभिनय येतो, तिला घाबरवल्याशिवाय घाबरण्याचे काम करता येते, ही शक्यताच तीत गृहीत धरलेली नाही.

टिपी हेड्रेन यांची कथा मात्र किस्सा म्हणून सांगता येत नाही. १९६१ साली दूरचित्रवाणीवरच्या एका जाहिरातीत हिचकॉक यांनी त्यांना पाहिले आणि सात वर्षांच्या करारात बांधून घेतले. हेड्रेन यांना लहान मुलगी होती, नियमित वेतनाची गरज होती, आणि अभिनयाचा अनुभव जवळपास नव्हता. 'द बर्ड्‌स' (१९६३) च्या शेवटाकडे मेलनी हातात टॉर्च घेऊन जिना चढते, माळ्यावरच्या खोलीचे दार उघडते आणि पक्षी तिच्यावर तुटून पडतात. यांत्रिक पक्षी वापरू असे हेड्रेन यांना सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे पाच दिवस त्यांच्यावर जिवंत पक्षी फेकले गेले. शेवटी काही पक्षी त्यांच्या कपड्यांना बांधले. एकाने डोळ्याजवळ ओरखडा काढला तेव्हा त्या कोसळल्या, आणि डॉक्टरांनी विश्रांतीचा आग्रह धरला म्हणून काम थांबले. त्याआधी त्यांनी दिग्दर्शकाला एक साधा प्रश्न विचारला होता: एवढे सगळे माहीत असताना मेलनी वर का जाते? हेड्रेन सांगतात त्याप्रमाणे उत्तर असे मिळाले की, मी सांगतो म्हणून.

आमच्या विद्यार्थ्यांनाही तो प्रश्न दरवर्षी पडतो. घरात सगळे झोपलेले, बाहेर पक्षी, वरून फडफड ऐकू येते आहे, आणि ही एकटी जिना चढते. पटकथेत तिच्या वर जाण्याला पटेलसे कारण सापडत नाही. इतर चित्रपटांत नायिकेला जे कळलेले असते त्यावर हिचकॉक यांनी कथा उभी केली. येथे नटीला कळले आणि तिने विचारले, तर ते त्यांना नको होते.

'मार्नी' (१९६४) मध्ये हे आणखी उघडे पडते. पैशांची चोरी करणारी मार्नी मार्क रटलंडच्या हाती सापडते आणि तो तिला तुरुंगाचे भय घालून तिच्याशी लग्न करतो. तिला पुरुषाचा स्पर्श सहन होत नाही. मधुचंद्राच्या जहाजावर तो तिच्यावर बलात्कार करतो. विन्स्टन ग्रॅहॅम यांच्या १९६१ च्या कादंबरीवरून पटकथा लिहिण्याचे काम आधी इव्हान हंटर यांच्याकडे होते. 'द बर्ड्‌स'ची पटकथाही त्यांचीच. नायकाने असे केल्यावर प्रेक्षक त्याला कधीच क्षमा करणार नाही, असे म्हणून हंटर यांनी त्या प्रसंगाला विरोध केला, पर्यायी प्रसंग लिहून दिला, आणि त्यांना काम सोडावे लागले. त्यांच्या जागी जे प्रेसन अॅलन आल्या. हिचकॉक यांना हा चित्रपट करायचा होता तो मुळी त्या प्रसंगासाठीच, असे अॅलन यांनी आपल्याला पुढे सांगितल्याचे हंटर यांनी आठवणींत नोंदवले आहे. आणि तरीही याच चित्रपटात मार्नी मार्कला तोंडावर सांगते की तुझे प्रेमबीम काही नाही, तू एक जनावर पकडले आहेस. मार्कला प्राणिशास्त्राची आवड दाखवली आहे, तेव्हा ही उपमा पटकथेने जाणूनबुजून पेरलेली आहे. पिंजऱ्याचे इतके नेमके वर्णन करणारे संवाद ज्यांच्या तोंडी दिले, त्या हेड्रेन त्याच वेळी सात वर्षांच्या करारात होत्या.

त्या काळात हिचकॉक यांनी आपल्यावर पाळत ठेवली, अंगचटीला आले, नकार दिल्यावर तुझी कारकीर्द संपवीन असे धमकावले, आणि नंतर वेतन देत राहून दुसऱ्या कुणाकडे काम करू दिले नाही, असे हेड्रेन यांचे म्हणणे आहे. याचा काही भाग डोनाल्ड स्पोटो यांच्या १९८३ मधील चरित्रात प्रथम आला, म्हणजे हिचकॉक यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. पूर्ण कथन त्यांच्या २०१६ सालच्या आत्मचरित्रात आहे. किम नोव्हाक यांनी २०१२ मध्ये सांगितले की त्यांना स्वतःला असा अनुभव आला नाही. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या इव्हा मेरी सेंट यांनी तर त्यांच्याविषयी नेहमी कृतज्ञतेनेच सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी आम्ही वर्गात सांगतो. एकीला सभ्यपणे वागवले हा दुसरीच्या बाबतीतला पुरावा होत नाही, एवढे तर्कशास्त्र विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

आक्षेप येतो तो वेगळ्या बाजूने, आणि तो आमच्याच विषयातला आहे. आत्मचरित्र ही रचना असते, स्मृती निवड करते, 'मी' हे एक पात्रच असते, हे आम्हीच शिकवतो. मग या आत्मचरित्रावर विश्वास कसा ठेवता, असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांला विचारले. शिवाय ते सहलेखिकेच्या मदतीने लिहिलेले, आणि घटनेनंतर पन्नास वर्षांनी. प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमच्या अभ्यासपत्रिकेत हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आहे. १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेले, सांगितलेले आणि दुसऱ्याने शब्दबद्ध केलेले. त्यावरून स्फुरलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' १९७७ सालचा. वाडकर यांच्या कथनात काळाची गुंतागुंत असेल, निवड असेल, स्वतःविषयीची कठोरताही आहे. त्या कथनाची रचना तपासताना त्यातले घर, स्टुडिओ, नवरा, पैसा हे सारे खोटे ठरते असे आम्ही कधी म्हटले नाही. रचना आहे म्हणजे बनावट आहे, ही उडी फक्त बायकांच्या आत्मचरित्रांबाबत इतक्या सहज घेतली जाते. पुरुष लेखकाने सांगितलेली गरिबी आम्ही अनुभव म्हणून शिकवतो आणि नटीने सांगितलेला छळ 'कथन' म्हणून, अशी विभागणी आम्हांला मान्य नाही. ज्या शीर्षकातच ऐकण्याची आज्ञा आहे, ते पुस्तक शिकवणाऱ्यांनी तरी ती करू नये.

यावर एक विद्यार्थी म्हणाला, मग 'मार्नी' दाखवूच नका. आमच्या दोघींत यावर मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. एकीच्या मते तो चित्रपट मंडळात दाखवणे म्हणजे त्या कराराची मुदत वाढवणे. दुसरीच्या मते न दाखवल्यास हेड्रेन यांचे काम दुसऱ्यांदा अडवले जाते. आधीच त्यांची मोठ्या भूमिकांची कारकीर्द दोन चित्रपटांवर येऊन थांबली, त्यांतला एकही आपण झाकून ठेवायचा का? सध्या आम्ही तो दाखवतो, आधी हंटर यांच्या गच्छंतीची हकीकत सांगून. जहाजावरच्या प्रसंगाआधी ज्यांना बाहेर जायचे त्यांनी जावे असे सांगतो, आणि काही जणी जातात.

हिचकॉक यांचे चित्रपट एकट्या पुरुषाच्या डोक्यातून आलेले नव्हते, हेही या निमित्ताने सांगायला हवे. पत्नी अल्मा रेव्हिल या त्यांच्यापेक्षा एका दिवसाने लहान, आणि संकलनाच्या कामात मुरलेल्या. 'सायको'च्या अंतिम प्रतीत मेलेली मॅरियन किंचित हलताना दिसते हे त्यांच्याच नजरेने टिपले. १९३३ मध्ये सचिव म्हणून आलेल्या जोन हॅरिसन पुढे 'रिबेका'च्या पटकथेच्या सहलेखिका झाल्या आणि नंतर स्वतंत्र निर्मात्या. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव स्वीकारताना हिचकॉक यांनी चार व्यक्तींचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथालेखक, त्यांच्या मुलीची आई, आणि एक उत्तम स्वयंपाकीण, चौघींचेही नाव अल्मा रेव्हिल. सभागृहाला ते भाषण फार आवडले. आम्हांलाही आवडते. चौथ्या कामाचा उल्लेख पहिल्या दोनांच्या रांगेत का, असे एका विद्यार्थिनीने विचारले होते; तिला आम्ही त्यावर लिहून आणायला सांगितले आहे.

मंडळातली हिचकॉक यांची मालिका आम्ही 'शॅडो ऑफ अ डाउट' (१९४३) ने संपवतो. कालक्रमाने हा आधीचा, तरी शेवटी. टेरेसा राइट यांची चार्ली ही सांता रोझा या शांत गावातली मुलगी. केस सोनेरी नाहीत, वागण्यात थंडपणा नाही. तिचा लाडका मामा राहायला येतो, तिला अंगठी देतो, आणि अंगठीच्या आतल्या बाजूस कुणा परक्याची आद्याक्षरे कोरलेली असतात. ती रात्री वाचनालय बंद होता होता तिथे धावते, वर्तमानपत्र उघडते, आणि तिला कळते की श्रीमंत विधवांचे खून करणारा माणूस आपल्या घरात झोपला आहे. कॅमेरा तेव्हा वर, फार वर जातो, आणि रिकाम्या वाचनालयातून चालत निघालेली मुलगी लहान होत जाते. ती कुणाला सांगू शकत नाही, कारण आई या भावावर जीव टाकते. मामाला कळते की हिला कळले आहे. तो तिला मारायचे प्रयत्न करतो आणि तिसऱ्या प्रयत्नात स्वतःच गाडीखाली जातो.

शेवटच्या दृश्यात चर्चमध्ये त्याची अंत्यप्रार्थना चालू आहे. गावाने त्याला आपले मानले होते. आतून धर्मोपदेशकाचा आवाज येतो, त्याच्या थोरवीविषयी, गावाच्या हानीविषयी. चार्ली आत बसलेली नाही. ती दाराबाहेर उभी आहे, शेजारी तो तरुण गुप्तहेर, ज्याला सारे ठाऊक आहे. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलते, आणि आत गौरवाचे भाषण संपलेले नसते.